चौदा दिवसांचा रकाना

ओलेफिले मोखात्लेच्या मनात माझ्याबद्दल काही राग नाही, असं लोक मला मुद्दाम येऊन सांगतात. सांगू देत. मी चौतीस वर्षं नर्स होते, कोण दुखणं लपवतंय ते मला चेहऱ्यावरून कळतं. त्याच्या मनात आहे, आणि असायलाच हवं. माझ्याशी कुणी असं वागलं असतं तर मी तिच्या दारात उभी राहून सगळी गल्ली गोळा केली असती. तो तसा नाही, गप्प बसणारा आहे. म्हणून मग मीच सांगते.

आमची खाण प्लॅटिनमची, दक्षिण आफ्रिकेतली. चार नंबरच्या शाफ्टवर खाली उतरायचा रस्ता एकच, लोखंडी दोरावर लटकलेला पिंजरा. एका खेपेला साठ माणसं आणि खाली सव्वा किलोमीटर अंधार. तो दोर गुंडाळायचं यंत्र, वाइंडर, लांब एका वेगळ्या खोलीत असतं आणि त्या यंत्रापुढं एक खुर्ची असते. अकरा वर्षं त्या खुर्चीत ओलेफिले बसला. पिंजऱ्यातली माणसं त्याला दिसायची नाहीत. कानावर घंटा यायच्या आणि समोरच्या तबकडीवर काटा फिरायचा, तेवढ्यावर तो साठ जणांना खाली सोडायचा आणि परत वर आणायचा.

पिंजरा खाली टेकतो तेव्हा धक्का बसतो. खुर्चीत दुसरं कुणी असलं की माणसांचे गुडघे छातीला लागायचे. ओलेफिले असला की हातातल्या मगमधला चहा हलत नसे. हे मी ऐकीव सांगत नाही. दर वर्षी तपासणीला मी खाली जायची, आणि एकदा खरोखरच काठोकाठ भरलेला मग घेऊन उभी राहिले होते. सगळे त्या मगाकडंच बघत होते. एक थेंब सांडला नाही. सकाळी गेटवर माणसं आधी विचारायची, "आज खुर्चीत कोण?" "मोखात्ले" असं उत्तर आलं की कुणीतरी म्हणायचा, "मग मी उभ्या उभ्या एक झोप काढतो."

तो गान्येसा गावचा. लहानपण शेळ्यांमागं गेलं. एकोणिसाव्या वर्षी खाणीत आला, चार वर्षं फावडं मारलं, मग पिंजऱ्याच्या इशाऱ्याच्या घंटा वाजवायच्या कामावर लागला. खुर्चीची परीक्षा त्यानं तीनदा दिली. पेपर इंग्रजीत, आणि याचं इंग्रजी म्हणजे दुकानापुरतं. दोनदा नापास झाल्यावर तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "मा सिस्टर, तुमच्याकडं डिक्शनरी आहे असं ऐकलं." मी दिली. ती त्यानं आठ महिन्यांनी परत केली, खाकी कव्हर घालून. तेव्हापासून मला हा माणूस आवडायचा, हे कबूल करायला मला लाज नाही.

छातीवर कायम त्याच्या चर्चचा तारा, हिरव्या कापडावर टाचलेला. त्या चर्चच्या माणसाला दारू नाही, तंबाखू नाही, गांजा तर नावालाही नाही. पोरं चिडवायची, "मोखात्लेच्या घामाला पण साबणाचा वास येतो." तो हसून सोडून द्यायचा. बायको, मा रेफिल्वे, गावी असायची, मुलगी आणि तीसेक कोंबड्या घेऊन. रोज रात्री आठला तो तिला एक मिस्ड कॉल द्यायचा. तिकडून एक यायचा. वर्षानुवर्षं आम्ही त्यावरून त्याची थट्टा केली, की म्हातारपणी एवढं प्रेम चांगलं नाही. कशासाठी होता तो मिस्ड कॉल, हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं.

आणि मित्र म्हणाल तर एकच, डित्शेगो. युनियनचा पुढारी, आवाज एवढा मोठा की मॅनेजर खिडक्या लावून घ्यायचा. दुपारी खुर्चीवर दुसरा माणूस बसला की हे दोघं त्या खोलीमागं सावलीत बसायचे. एक पत्र्याचं ताट, त्यात मक्याचं घट्ट बोखोबे, कडेला मोरोखोची पालेभाजी, कधी कोंबडीचे पाय. एकाच ताटात दोघांचे हात. अकरा वर्षं.

आता तपासणीचं सांगते, कारण सगळं तिथंच बिघडलं.

दर सोमवारी संगणक काही नंबर काढायचा. ज्याचा नंबर येईल त्यानं माझ्या दवाखान्यात येऊन कपात लघवी द्यायची. कपाच्या भिंतीला आतून पाच पट्ट्या, प्रत्येक नशेची वेगळी. शिकायला नव्या मुली आल्या की पहिल्या दिवशी हमखास उलटं वाचायच्या. रेघ दिसली की सापडला म्हणायच्या. मी म्हणायची, पोरी, रेघ आली म्हणजे सुटला. रेघ नाही आली तर अडकला.

त्यांना पटायचं नाही, मग मी टॅक्सीस्टँडचं सांगायची. पट्टीच्या बुडाशी रंगाचे बारीक कण असतात. त्या समज रिकाम्या टॅक्स्या. लघवी वर चढायला लागली की टॅक्स्या निघतात. पुढं रेघेच्या जागी कंपनीनं आधीच थोडा गांजा चिकटवून ठेवलेला असतो, ते थांब्यावरचे प्रवासी. लघवीत गांजा नसेल तर टॅक्स्या रिकाम्या येतात, प्रवासी घ्यायला थांबतात, त्यांची रांग लागते. ती रांग म्हणजे रेघ. लघवीतच गांजा असेल तर टॅक्स्या वाटेतच भरतात आणि थांबा सोडून पुढं निघून जातात. थांब्यावर काही दिसत नाही. थोडासाच गांजा असेल तर काही टॅक्स्या भरतात, काही थांबतात, आणि रेघ फिकट येते. फिकट रेघ पण रेघच. एका मिलिलिटरमागं पन्नास नॅनोग्राम ही सीमा धरून कंपनीनं टॅक्स्या मोजून ठेवलेल्या असतात. एकोणपन्नासवाला सुटतो, एक्कावन्नवाला अडकतो. एका मुलीनं विचारलं, "म्हणजे एकोणपन्नासवाला निर्दोष?" मी म्हटलं, "निर्दोष नाही गं, निगेटिव्ह."

आणि सगळ्यात महत्त्वाचं. टॅक्सीवाला प्रवाशाचं नाव विचारत नाही, टोपी बघून आत घेतो. गांजासारखी टोपी घालून दुसरंच कुणी आलं तरी त्याला जागा मिळते. म्हणून आमच्या फॉर्मवर त्या क्षणी पॉझिटिव्ह असा शब्द लिहायचाच नाही. लिहायचं "नॉन-निगेटिव्ह". मग तीच लघवी सीलबंद बाटलीतून जोहान्सबर्गच्या लॅबमध्ये जाते. तिथलं यंत्र एकेका गोष्टीचे तुकडे करून तुकड्यांची वजनं घेतं. तिथं टोपी चालत नाही. ते यंत्र सांगेल ते खरं, पण त्याला दहा दिवस लागतात.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. मी चौदा मुलींना शिकवलं. लक्षात ठेवा.

त्या सोमवारी ओलेफिलेचा नंबर आला. तो आला, कप भरून दिला, समोर बसला. पाच मिनिटं झाली. पाचपैकी चार पट्ट्यांवर रेघा आल्या. वरची रेघ, जी पट्टी नीट चालते हे सांगते, ती तर पाचही पट्ट्यांवर होती. गांज्याच्या पट्टीवर मात्र खालची रेघ नव्हती.

मी कप उजेडाकडं धरला. फिकट तरी असेल म्हणून डोळे बारीक करून बघितलं. काही नाही. दुसऱ्या कंपनीचा कप काढून पुन्हा केलं. तसंच.

"मा सिस्टर, तिसऱ्या पट्टीवर रेघ नाही," तोच म्हणाला. त्याला वाचता येत होतं. अकरा वर्षांत वीसेक वेळा त्यानं ते बघितलं होतं.

नियमाप्रमाणं मला त्याचं कार्ड बंद करावं लागलं. तो सामान आणायला गेटमधून जायला लागला तर लाल दिवा आणि तो घाणेरडा आवाज. दुपारची पाळी रांगेत उभी होती. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "छातीवर तारा आणि खिशात गांजा." दुसरा म्हणाला, "आणि आम्ही याच्या हातात जीव देऊन झोपा काढत होतो." या दुसऱ्या वाक्यावर त्यानं मान खाली घातली, असं मला नंतर गेटवाल्यानं सांगितलं.

डित्शेगो धावतपळत माझ्याकडं आला. "सिस्टर, तुमचा कप खोटारडा आहे. हा माणूस गांज्याच्या शेतावरून गेला तरी घरी जाऊन तीन दिवस उपास धरेल. काहीतरी करा. शुक्रवारी चौकशी लावलीय मॅनेजरनं. लॅबचा कागद यायच्या आधी त्याला घरी बसवतील. मागच्या वर्षी दोघांना असंच बसवलं, आणि कागद आला तेव्हा त्यांची जागा भरून झाली होती."

हे खरं होतं. त्या दोघांपैकी एकाची बायको माझ्या टेबलावर डोकं ठेवून रडली होती.

मी ओलेफिलेला परत बोलावलं, दार लावलं आणि, आमच्याकडं पुरुषाला मानानं 'रा' म्हणतात तसं म्हणून, सरळ विचारलं. "रा, काही औषध चालू आहे?"

"नाही."

"मी चर्चची बाई नाही आणि मॅनेजरची पण नाही. एक गोळी आहे, रात्री घ्यायची. ती पोटात असली की कप फसतो. गांजा समजतो तिला. मला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. त्या गोळीचं नाव मी घेऊ, की तुम्ही घेता?"

तो टोपी मांडीवर ठेवून तिची कड फिरवत राहिला. मग म्हणाला, "आधी तीन होत्या, सकाळी आणि रात्री आठला. दोन महिन्यांपूर्वी म्हणाले, आता एकच. रात्री आठला. मी आणि ती, दोघंही घेतो. तिला बरं वाटलं, एकच गोळी म्हणून."

एचआयव्हीची गोळी. नऊ वर्षं तो घेत होता, साठ किलोमीटर लांबच्या गावातल्या दवाखान्यातून, इथं कुणाला कळू नये म्हणून. त्याला हे कसं झालं ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका.

मी त्याच्यापुढं फॉर्म सरकवला. त्यात एक रकाना आहे, "मागच्या चौदा दिवसांत घेतलेली औषधं". सकाळी त्यानं तिथं काही लिहिलं नव्हतं.

"इथं नाव लिहा," मी म्हटलं. "डॉक्टर सही करतील की कपाचं कारण सापडलं. तुमचं कार्ड उद्या चालू होईल."

"आणि रिकामं सोडलं तर?"

त्यानं हे विचारलं. अगदी याच शब्दांत विचारलं. मी आज झोपेतही ऐकते.

"तर लॅबचा कागद येईपर्यंत थांबायचं. दहा दिवस. आणि शुक्रवारी चौकशी. तोवर सगळे तुम्हाला गंजेडी म्हणणार."

"म्हणू देत," तो म्हणाला. "दहा दिवस मी थांबतो, मा सिस्टर. गांजा मी ओढलेला नाही, तो त्यांना सापडणार नाही. पण हे लिहिलं की लिहिलं."

तिथंच मी गप्प बसायला हवं होतं. त्याचं म्हणणं बरोबर होतं. लॅबचं यंत्र गांजाच शोधतं, रकाना वाचत नाही. हे मला माहीत होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं ती रडणारी बाई होती, डित्शेगो दाराबाहेर येरझारा घालत होता, आणि खरं सांगायचं तर मला त्याला वाचवायचं होतं. ते मीच करावं, दहा दिवसांनी त्या यंत्रानं नव्हे, असं वाटत होतं. मी तशीच उठून शेजारच्या खोलीत डॉक्टर फेन्टरकडं गेले.

"डॉक्टर, समजा एखाद्यानं कप फसवणारी ती रात्रीची गोळी लिहिली, तर?"

तो लगेच समजला. हुशार माणूस. पेन खाली ठेवून म्हणाला, "लिहू दे त्याला. उद्याच बंद करतो मी हे प्रकरण. कागद या चार भिंतींच्या बाहेर जाणार नाही, सिस्टर. माझा शब्द."

मी तो शब्द घेऊन परत आले आणि माझा म्हणून ओलेफिलेला दिला. "या खोलीबाहेर काही जाणार नाही. मी सांगते ना."

तो माझ्याकडं बघत होता. मग त्यानं पेन घेतलं आणि त्या रकान्यात गोळीचं नाव लिहिलं, डिक्शनरीतून शिकलेल्या त्या सरळ अक्षरात, एक अक्षर न चुकता.

बुधवारी डॉक्टरचा कागद निघाला. दोन ओळी. पहिली, "प्राथमिक तपासणीचं कारण समजलं, चौकशीची गरज नाही." दुसरी, "वाइंडरच्या खुर्चीसाठी अपात्र. हलकं काम द्यावं."

मी कागद घेऊन आत गेले. दार आपटलंच असणार, कारण वेटिंगमधली माणसं उभी राहिली.

"हे काय आहे?"

"नियम आहे," फेन्टर म्हणाला. "त्या गोळीनं काही लोकांना चक्कर येते, डोकं जड होतं. पिंजरा चालवणाऱ्यानं ती घेतलेली चालत नाही. तुला परिपत्रक पाठवलं होतं मार्चमध्ये. सही आहे तुझी."

माझी सही होती. न वाचता केलेली, इतर बावीस कागदांबरोबर. पण त्याला सोमवारी हे माहीत होतं. मी त्याच्यापुढं उभी असताना माहीत होतं. त्यानं मला एका शब्दानं सांगितलं नाही.

"त्याला चक्कर येते का, हे तुम्ही विचारलंत?"

"साठ माणसं असतात पिंजऱ्यात."

साठ माणसांचा जीव ही काही खोटी गोष्ट नाही, तेवढी अक्कल मला आहे. पण विचारायला काय झालं होतं? तपासून बघायला? गोळी बदलून देता येते, तिला पर्याय असतात, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. एक फोन करायचा होता गावातल्या दवाखान्याला. तेवढंही केलं नाही. खुर्चीवर दुसरा माणूस बसवणं सोपं होतं.

"तुम्ही शब्द दिला होता," मी म्हटलं.

"आणि पाळलाय. गोळीचं नाव कुठं आहे त्यात? आजाराचं नाव कुठं आहे? मी कुणाला काही सांगितलेलं नाही, सिस्टर. कुणी काय समजेल तो माझा दोष नाही."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. आणि तो केस मीच त्याच्या हातात नेऊन दिला होता.

कारण आमच्या खाणीत हलकं काम म्हणजे एकच, दिव्यांची खोली. पाळी सुरू होताना माणसांना हेल्मेटचे दिवे द्यायचे, सुटताना परत घेऊन चार्जिंगला लावायचे. तिथं जातात ते हात-पाय मोडलेले. आणि ज्यांचे हात-पाय धड असूनही तिथं दिसतात, त्यांना काय झालंय हे लहान पोरालाही माहीत असतं. कुणी बोलत नाही, कुणी विचारत नाही. गुरुवारी सकाळी ओलेफिले त्या खिडकीत उभा होता, इस्त्रीचा शर्ट, छातीवर तारा, दोन्ही हात शाबूत, दोन्ही पाय शाबूत. पहिली पाळी रांगेत आली, त्याला बघितलं, आणि गप्प झाली.

दहाव्या दिवशी लॅबचा कागद आला. नियमाप्रमाणं तो फळ्यावर लावला. "गांजा: आढळला नाही." जे काही थोडं झाकलं होतं तेही त्या कागदानं उघडं पडलं. गांजा नाही, हात-पाय धड आहेत, तरी खुर्ची गेली. मग राहिलं काय? फळ्यापुढं उभ्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं, आणि झालं.

खिडकीतून दिवा घेतला की काही माणसं तो शर्टाच्या बाहीनं पुसून मग हेल्मेटला लावायला लागली. सगळी नाही. पण पुरेशी. त्याच्या हातातून गेलेला प्रत्येक दिवा कोण पुसतं, हे त्याला रोज दिसायचं. पूर्वी यातलं एकही माणूस त्याला दिसत नव्हतं, आणि ही सगळी त्याच्या हातावर विश्वास ठेवून उभ्या उभ्या झोपायची.

डित्शेगोचं काय सांगू. तो दुपारी आला, नेहमीसारखा ओरडत, डॉक्टरला शिव्या देत, कंपनीला कोर्टात खेचतो म्हणत. दिव्यांच्या खोलीमागं सावली शोधली, बसला, डबा उघडला. आणि पिशवीतून दोन ताटं काढली. "आज भाजी जास्त आहे," म्हणाला. भाजी जास्त नव्हती. ओलेफिलेनं दुसरं ताट घेतलं आणि जेवला. दुसऱ्या दिवशी त्यानं सांगून पाठवलं की मला दुपारी भूक नसते हल्ली, तू तुझं जेवून घे. डित्शेगो हे मला सांगताना रडला. मी त्याला समजावलं नाही. चौदा मुलींना शिकवलं तसं त्याला शिकवायला हवं होतं, ताटातून हा आजार जात नाही म्हणून. पण त्याला ते आधीच माहीत होतं, युनियनच्या सभेत तोच ते भाषण करायचा.

मा रेफिल्वेचा मला फोन आला. आवाज अगदी हळू. "मा, इथंही कळलंय. कोंबड्या घ्यायला येत नाहीत आता लोक. अंडी पण नको म्हणतात." मी काहीतरी बोलायला लागले. तिनं मध्येच विचारलं, "त्यानं लिहायचं नाही म्हटलं होतं ना?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "एवढंच विचारायचं होतं," आणि फोन ठेवला.

मी त्या खिडकीशी गेले. हिंमत गोळा करायला तीन आठवडे लागले. तपासणीला खाली जायचं होतं, दिवा लागणारच होता. रांगेत उभी राहिले, माझा नंबर आला. मी म्हटलं, "रा, मी चुकले. मी तुम्हाला तोंडघशी पाडलं. मला माफ करा."

त्यानं दिवा लावून बघितला, विझवला, माझ्यापुढं ठेवला. "घ्या, मा सिस्टर. मागं रांग आहे."

मी दिवा घेतला. त्या दिवशी पिंजरा असा आदळला की माझ्या दातांवर दात बसले.

मी गप्प बसले असं नाही. पत्रं लिहिली, वरच्या ऑफिसला, फेन्टरच्या वरच्या डॉक्टरला, गावातल्या दवाखान्याला. गोळी बदलून मिळायला चार महिने लागतील म्हणाले, मग सहा म्हणाले, मग खुर्ची भरली आहे म्हणाले. एका पत्राला उत्तर आलं, त्यात माझ्या तत्परतेबद्दल आभार मानले होते. तत्परता! हा एकच शब्द माझ्याबद्दल कुणी खरा लिहिला.

मग पाच महिन्यांनी, एका सोमवारी, संगणकानं पुन्हा त्याचा नंबर काढला. दिव्यांच्या खोलीतल्या माणसालाही सूट नसते. तो आला, कप भरून दिला, समोर बसला. चार रेघा. तिसऱ्या पट्टीवर नाही. आम्ही दोघांनीही त्याकडं एकदाच बघितलं.

मी फॉर्म पुढं केला. नाव, नंबर, पाळी, सगळं त्यानं भरलं, त्याच सरळ अक्षरात. चौदा दिवसांच्या रकान्याशी आल्यावर पेन थांबलं नाही, तसंच खाली सहीच्या जागेवर गेलं. सही करून त्यानं फॉर्म परत केला.

"रा, हे..." मी बोट ठेवलं.

"राहू दे," तो म्हणाला. "दहा दिवस थांबतो मी."

मी कार्ड बंद केलं, बाटलीला सील लावलं, पाठवून दिली. तो गान्येसाला गेला. शुक्रवारी चौकशी लागली नाही, दिव्यांच्या खोलीतल्या माणसासाठी कोण एवढा त्रास घेणार. दहाव्या दिवशी लॅबचा कागद आला. मी तो त्याच्या फाईलमध्ये पहिल्या कागदावर ठेवला आणि दोन्ही शेजारी धरून वाचले. शब्द न शब्द तोच होता, "गांजा: आढळला नाही." रकाना रिकामा का, असं लॅबनं कुठंच विचारलं नव्हतं.